आटे आपले नाहीत

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी गोणपाटावर गंजक्या पान्यांच्या ढिगात पायडलांची एक जोडी दिसली. ॲल्युमिनियमचं अंग, त्याभोवती दातेरी पोलादी चौकट, आणि चौकटीचं बाहेरचं टोक वर वळलेलं. विकणारा म्हणाला, “रेसर सायकलची आहेत. फॉरेनची.” फॉरेनची म्हणजे कुठली, हे त्याला ठाऊक नव्हतं. टोपणावर कधीतरी नाव असावं, पण ते घासून गेलं होतं. पुढच्या पट्टीला शेजारी-शेजारी दोन भोकं होती. घासाघीस करून दीडशे रुपयांना जोडी घेतली.

घरची काळी सायकल आणि ही पायडलं घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. तिथल्या मेकॅनिककाकांनी उजवं पायडल क्रँकमध्ये बोटांनीच फिरवलं. ते गेलं, पण फार सहज गेलं. धरून हलवलं तर डुगडुगत होतं. पाना बाजूला ठेवून ते म्हणाले, “घट्ट होणार नाही हे. जोर दिला तर मरेल. आटे आपले नाहीत.”

त्या तीन शब्दांत या पायडलाची निम्मी कुंडली होती.

आपल्या सायकलींचे आटे इंग्रजी. काळी सायकल आपल्याकडे इंग्लंडहून आली आणि स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना इथे कारखाने उभे राहिले तेव्हा मापंही तीच राहिली. पायडलाच्या दांड्याचा व्यास ९/१६ इंच, एका इंचात २० आटे. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर १४.२९ व्यास आणि दोन आट्यांमध्ये १.२७ अंतर. अमेरिकेत एकाच सळईतून वाकवलेल्या क्रँकसाठी अर्धा इंच चालायचा. फ्रान्सचा कारभार मात्र मेट्रिक : व्यास १४, अंतर १.२५. फरक एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. म्हणून फ्रेंच पायडल इंग्रजी क्रँकमध्ये जातं, पण नांदत नाही. उलट इंग्रजी पायडल फ्रेंच क्रँकमध्ये दामटून बसवलं, तर ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटेच सोलून निघतात.

काकांनी व्हर्नियर लावला. काटा चौदालाही किंचित कमी. मग दांड्याचं टोक रॉकेलच्या चिंधीनं पुसलं, तर एकावर ‘डी’ आणि दुसऱ्यावर ‘जी’ अशी रोमन अक्षरं उमटलेली. द्र्वात आणि गोश, म्हणजे फ्रेंचमध्ये उजवं आणि डावं. इटालियन असतं तर ‘डी’च्या जोडीला ‘एस’ असता, इंग्रजी असतं तर ‘आर’ आणि ‘एल’. कंपनीचं नाव गेलं तरी गाव सापडलं होतं.

‘जी’चे आटे उलटे होते, आणि ते साऱ्या जगात तसेच असतात. पाय दाबतो तेव्हा दांडा क्रँकच्या भोकात अगदी सूक्ष्मपणे घरंगळत असतो, आणि तो चाकाच्या फिरण्याच्या दिशेनंच घरंगळतो. डाव्या बाजूला सरळ आटे ठेवले तर काही मैलांत पायडल हातात येईल. विमानाआधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंनी १९०० मध्ये आपली पायडलं सुटून येत नाहीत, अशी जाहिरात केली होती. आपल्या मेकॅनिक लोकांनी हे सगळं एका वाक्यात बसवलंय : पाना पुढे ओढला की घट्ट, मागे ओढला की सैल, बाजू कुठलीही असो.

आता राहिली ती दोन भोकं.

काळ्या सायकलीच्या पायडलाला चार रबरी ठोकळे असतात आणि पुढे भोकं नसतात. त्यावर चप्पल, बूट, अनवाणी पाय, काहीही चालतं. भोकं असलेलं पायडल पाय बांधून घेण्यासाठी जन्माला आलेलं असतं. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पायडलं पुढच्या चाकालाच जोडलेली होती, तेव्हा पाय टेकवायला जागा मिळाली हेच खूप होतं. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या स्टार्लीची रोव्हर सायकल आली, चेननं मागचं चाक फिरायला लागलं आणि वेग वाढला. वेगानं पाय फिरवला की तो पायडलावरून निसटतो. म्हणून १८९० च्या दशकात शर्यतवाल्यांनी पायडलाच्या पुढे पोलादी पट्टीचा पिंजरा लावला. तीच टो-क्लिप. बुटाचं टोक त्यात शिरायचं आणि वरून चामड्याचा पट्टा आवळायचा.

पुढे जवळजवळ शंभर वर्षं शर्यतीच्या पायाची हीच व्यवस्था राहिली, आणि तिच्यावर दोन फ्रेंच माणसांची नावं कोरलेली आहेत. क्लिपवर बहुधा ‘क्रिस्तोफ’, पट्ट्यावर ‘लापीझ’. ओक्ताव्ह लापीझनं १९१० ची टूर द फ्रान्स जिंकली. त्याच वर्षी शर्यत पहिल्यांदा पिरेनीज पर्वतातल्या तूर्मालेच्या घाटावरून गेली आणि माथ्यावर पहिला पोचला तोही लापीझच. १९१७ मध्ये महायुद्धात त्याचं लढाऊ विमान पाडलं गेलं. युजेन क्रिस्तोफचं नशीब त्याच घाटात फुटलं. १९१३ मध्ये तूर्माले उतरताना त्याच्या सायकलीचा फोर्क मोडला. बाहेरची मदत घेणं नियमात बसत नव्हतं. सायकल खांद्यावर टाकून तो चौदाएक किलोमीटर चालत सेंत-मारी-द-कांपां गावी पोचला आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर त्यानं स्वतः फोर्क घडवला. एका पोरानं भाता हलवला म्हणून वर दंड झाला तो वेगळाच. १९१९ मध्ये शर्यतीतली पहिली पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर चढली, पण टूर त्याला कधीच जिंकता आली नाही. मोडलेल्या फोर्कसाठी आठवला जाणारा हा माणूस पुढे लाखो पायांवर क्लिप होऊन बसला.

ती क्लिप वापरणं हे कसब होतं. क्लिप वजनानं खाली लोंबते, म्हणून रिकामं पायडल नेहमी उलटं पडतं. चालत्या सायकलीवर बुटाच्या टोकानं ते पलटायचं, त्याच झटक्यात पाय आत सरकवायचा, मग वाकून पट्ट्याचं टोक खेचायचं. पट्टा पायडलात सरकू नये म्हणून तळाशी त्याला एक पीळ देऊन ओवायचा. शर्यतवाल्यांच्या बुटाला चामडी तळवा असायचा आणि त्याला खाचेची एक पट्टी खिळ्यांनी ठोकलेली असायची. ती खाच पायडलाच्या मागच्या कडेवर बसायची. पट्टी नेमकी कुठे ठोकायची? कोऱ्या तळव्यानं काही दिवस सायकल चालवायची. चौकटीचे दात तळव्यावर आपली रेघ उमटवतात, तिथे ठोकायची. थांबायच्या आधी अंगठ्यानं बकल दाबून पट्टा सैल करायला विसरलात, तर सायकलीसकट आडवे.

अनोळखी पायडलाला क्लिप शोधताना हेच सगळं उलट दिशेनं चालत जावं लागतं. आधी दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं आणि क्लिपच्या भोकांशी पडताळायचं. काही क्लिपना लांबट खाचा असतात, त्या जास्त पायडलांना चालतात. मग पट्टा ओवायला चौकटीच्या दोन्ही बाजूंना फट आहे का ते पाहायचं. शेवटी खोली : क्लिप लहान, मध्यम, मोठ्या मापांत येते. पायाचा चवडा दांड्याच्या बरोबर वर आला पाहिजे आणि तरी बुटाच्या टोकापुढे बोटाएवढी नाही तरी काडीपेटीच्या काडीएवढी फट उरली पाहिजे. फट नसेल तर उतारावर अंगठे बोलतात.

एवढी मुरलेली रीत मोडली ती सायकलवाल्यांनी नव्हे. इटलीच्या चिनेल्लीनं १९७१ च्या सुमारास बूट थेट अडकवणारं पायडल काढलं होतं, पण पाय सोडवायला हातानं खटका दाबावा लागायचा. पडताना हात तिथवर कसा पोचणार? लोकांनी त्याचं नाव ‘मृत्यूचं पायडल’ पाडलं. उत्तर बर्फातून आलं. लूक ही फ्रेंच कंपनी स्कीच्या बुटांची बंधनं बनवायची. स्की करणारा पडला की बंधन आपोआप सुटलं पाहिजे, नाहीतर पाय मोडतो. तेच गणित त्यांनी १९८४ मध्ये पायडलाला लावलं : टाच बाहेर फिरवली की बूट मोकळा. १९८५ मध्ये बर्नार्ड इनो त्या पायडलांवर पाचवी टूर जिंकला. १९९० मध्ये शिमानो कंपनीनं चालताही येईल अशा बुटांसाठी एसपीडी पायडल आणलं. आयर्लंडच्या शॉन केलीसारखे काही जुने खेळाडू पट्टे आवळतच राहिले. बाकीच्यांच्या क्लिपा काही वर्षांतच माळ्यावर गेल्या.

नव्या पायडलात बूट ‘क्लिप’ होतो, तरी इंग्रजीत त्याला ‘क्लिपलेस’ म्हणतात. ज्याला टो-क्लिप माहीत नाही त्याला हे नाव कळायचंच नाही. फ्रेंच आटेही त्याच सुमाराला गेले. फ्रान्सचे कारखानेसुद्धा ९/१६ इंचावर आले. टो-क्लिप आजही कायद्यासारखी टिकून आहे ती जपानच्या केइरिनमध्ये. १९४८ पासून चालत आलेल्या या सट्ट्याच्या शर्यतीत मान्यताप्राप्त सामानच चालतं, आणि त्यात क्लिप आणि पट्टाच येतो. नव्या क्लिपा मिळतात त्यात जपानचा हातभार आहे.

मीही एक नवी क्लिप मागवली. एक भोक किंचित चुकत होतं, ते गोल कानशीनं लांबवलं. बुटाचं टोक नीट बसलं. काकांनी टेबलावरच पायडलाला टिचकी मारली, छर्रे कुरकुरले नाहीत. “आता क्रँक?” त्यांनी विचारलं. लहान भोक टॅप मारून मोठं करता येतं. आपल्या क्रँकचं भोक मुळात मोठं, ते लहान कोण करणार?

पुढच्या रविवारी पुन्हा जुन्या बाजारात गेलो. तोच विकणारा, तेच गोणपाट.

“काय पाहिजे, साहेब?”

“क्रँक.”

“कुठल्या कंपनीचा?”

“कंपनी कुठलीही चालेल,” मी म्हणालो, आणि खिशातून ‘डी’ लिहिलेलं पायडल काढून त्याच्या हातात दिलं. “हे ज्याच्यात घट्ट बसेल तो.”