दगड घरी, चाकू नदीत : होडीत धारेचा कोणता दगड ठेवायचा?



सध्या बंदी चालू आहे. आपल्या मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट नदीत जाळं टाकायचं नाही, माशांच्या पैदाशीचे दिवस आहेत. लोधीपुऱ्यात घरोघर जाळ्यांची डागडुजी चाललीय. फाटकं शिवलं, शिसं मोजलं, बुचं बदलली. पण चाकू कोणी बघितला का? हे विचारतोय, कारण मी स्वतः बघितला नव्हता.

मागच्या पावसाळ्यात बंदी उठल्यानंतरची गोष्ट. तापी गढूळ होती, पाणी ओढीचं होतं. जाळ्याचा दोर होडीच्या टोकाला बांधलेला. वरून एक ओंडका आला आणि जाळ्यात शिरला. दोर ताणला, होडीचं टोक खाली जायला लागलं. मी चाकू काढला आणि दोर कापायला लागलो. ताणलेला दोर खरं तर पटकन तुटतो. पण माझा चाकू नायलॉनवरून नुसता घसरत होता. सकाळी त्याच चाकूने मासे साफ केले होते, त्याच्या आदल्या दिवशी तार तोडली होती. धारेचा दगड होता, पण घरी, मोरीजवळ. नशिबाने ओंडका वळला, जाळं फाटून सुटलं. जाळं गेलं, आम्ही दोघं घरी आलो.

त्या दिवसापासून होडीत एक छोटा दगड असतो. कोणता घ्यावा, हे बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. धार लावणं वेगळं आणि धार सावरणं वेगळं. चाकूची कड फार पातळ असते. वापरताना ती आधी एका बाजूला वळते, मग झिजून गोल होते. रोहू-कटल्याची खवलं, त्यात अडकलेली वाळू आणि घाटाच्या दगडावर ठेवून कापणं, यांनी हे लवकर होतं. (म्हणून घाटावर सुद्धा लाकडाच्या फळीवरच कापा.) कड नुकती वळली असेल तर पाच-सहा हातांत ती सावरते. पूर्ण गोल झाली तर घरचा मोठा दगड आणि अर्धा तास लागतो. होडीतल्या छोट्या दगडाचं काम पहिलं आहे, दुसरं नाही. चाकू पार बोथट झाल्यावर खिशातल्या दगडाला दोष देऊ नका.

आता बाजारात काय काय मिळतं ते बघू.

1. खाचेतून ओढायचं यंत्र. प्लास्टिकची मूठ, मधे इंग्रजी व्ही आकाराची खाच. ओढलं की लगेच धार आल्यासारखं वाटतं. खाचेत बहुतेक टंगस्टन कार्बाइडच्या पट्ट्या असतात, त्या पोलादापेक्षा खूप कडक. त्या धार घासत नाहीत, पोलाद तासून काढतात. रोज ओढलं तर चांगला चाकू लवकर अरुंद होतो आणि कड करवतीसारखी खडबडीत राहते. अडीअडचणीला चालेल, रोजच्या सवयीला नाही. दुसरं म्हणजे, ते विळीला चालत नाही. विळीचं पातं पाटाला पक्कं आणि वाकडं असतं, ते खाचेतून नीट ओढता येत नाही. आपल्या घरातल्या ताई-वहिनी बाजारात विळीवर मासे कापून देतात, त्यांना हे यंत्र निरुपयोगी.

2. सिरॅमिकची कांडी. धार छान गुळगुळीत येते, वळलेली कड पटकन सावरते. पण पडली की फुटते. होडीत वस्तू पडणारच. घरात किंवा दुकानात ठेवायला चांगली.

3. खाटकाकडची लोखंडी सळई. वळलेली कड सरळ करते, झिजलेली धार परत आणत नाही. लांब असते आणि ओल्यात गंजते.

4. नेहमीचा कार्बोरंडमचा दगड. स्वस्त, टिकाऊ, एक बाजू जाडी आणि एक बारीक. घरासाठी हाच उत्तम. पण जड आहे, आणि वर्षानुवर्षं मधेच घासला की खोलगट होतो.

5. डायमंडची पातळ पट्टी. धातूच्या पट्टीवर हिऱ्याचे बारीक कण बसवलेले. वजन कमी, पडली तर फुटत नाही, खोलगट होत नाही, तेल लागत नाही, नुसतं पाणी पुरे. काही पट्ट्या घडीच्या असतात, मूठच उलटून झाकण होते. खिशात, डब्यात कुठेही राहते. आणि विळीलाही चालते, कारण विळी जागेवर ठेवून पट्टी हातात धरून फिरवता येते.

माझ्या मते होडीसाठी पाचवी. घेताना दोन बाजूंची घ्या, एक 400 नंबरच्या आसपास, दुसरी 600 ते 1000. नंबर जितका मोठा तितके कण बारीक. मात्र वेगवेगळ्या कंपन्यांचे नंबर तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून बोटानेही खरखर बघा. पट्टी काचेवर ठेवून बघा, डगमगली तर घेऊ नका. लांबी निदान तुमच्या तळहाताएवढी हवी, नाहीतर हात नीट फिरत नाही. आणि दाबून घासू नका. दाबलं की हिऱ्याचे कण निघून जातात आणि पट्टी कोरी होते.

कामाची पद्धत अशी.

होडी किनाऱ्याला लावा. चालत्या होडीत धार लावायची नाही. पट्टी ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकणार नाही. वर चार थेंब पाणी टाका. आता कोन. पात्याची रुंदी तीन भाग धरा आणि चाकूची पाठ पट्टीपासून एक भाग वर उचला. पातं 3 सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ 1 सेंटीमीटर वर. हा साधारण 20 अंशांचा कोन होतो. दोर तोडायच्या जाड चाकूला थोडा जास्त, 25 पर्यंत ठेवा, धार जास्त टिकते. मग मुठीकडून टोकाकडे, हलक्या हाताने, एक हात इकडून, एक तिकडून. असे पाच-सहा. कोन शेवटपर्यंत बदलू देऊ नका, सगळी मेख तिथेच आहे.

विळीला पट्टी हातात धरताना बोटं पट्टीच्या मागे ठेवा, धारेच्या पुढे एकही बोट येता कामा नये.

आता एक बारकावा. मासे कापायला बारीक बाजू वापरा, कड गुळगुळीत हवी. पण दोर तोडायच्या चाकूला 400 वरच थांबा. थोडी खरखरीत कड ओल्या नायलॉनला धरते, फार गुळगुळीत कड त्यावरून घसरते. म्हणून दोन चाकू ठेवा. माशांचा वेगळा, दोराचा वेगळा. दोराचा चाकू कमरेला किंवा हाताशी दोरीने बांधलेला, आणि त्याने दुसरं काहीही कापायचं नाही. ज्यांच्याकडे दातेरी चाकू आहे त्यांनी लक्षात ठेवा, त्याला सपाट पट्टी चालत नाही, निमुळती गोल कांडी लागते.

तपासायचं कसं? अंगठा धारेवरून लांबीने फिरवू नका. जुन्या दोराचा तुकडा पाण्यात भिजवा, ताणून धरा आणि कापा. एक-दोन ओढींत तुटला तर चाकू नदीवर न्यायच्या लायकीचा. फेकजाळं टाकणाऱ्यांनी तर ही परीक्षा रोज करावी, कारण त्यांचा दोर मनगटाला असतो.

सायकलवरच्या धारवाल्याकडे जाणाऱ्यांसाठी एक सूचना. कोरड्या चाकावर कड तापून निळी झाली तर पोलादाचं पाणी उतरलं समजा. मग तेवढ्या जागी धार टिकत नाही. मधे मधे पाण्यात बुडवायला सांगा.

काम झालं की चाकू गोड्या पाण्याने धुवा, पुसा, खायच्या तेलाचं बोट फिरवा. पट्टीवर माशाचा चिकटा राहिला तर साबण आणि जुन्या ब्रशने घासा. आणि कधी डेऱ्यावर काहीच नसेल तर चहाची चिनी मातीची बशी उलटी करा. खालची न चकाकणारी कडा असते ना, तिच्यावर हलके पाच-सहा हात मारा. त्या वेळेपुरतं काम निभतं.

जाळं महाग आहे, म्हणून ते कापायला जीव होत नाही. मलाही होत नव्हता. पण कापायची वेळ आली तर निदान चाकूने तरी साथ द्यावी. बंदी उठायच्या आत प्रत्येकाने आपले दोन्ही चाकू काढून ओल्या दोरावर तपासावेत. ज्यांना कोन जमत नाही त्यांनी चाकू घेऊन माझ्याकडे या. पट्टी माझ्याजवळ आहेच, एकदा हाताला हात लावून दाखवतो. घरच्या बायांनी विळीही आणावी.

सांभाळून राहा.

आपला,
सचिव