जूनची फी आणि एप्रिलची जयंती

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या वर्धा जिल्ह्यातील वस्त्यावस्त्यांमध्ये सत्काराचे कार्यक्रम सुरू होतात. गुणवंतांना पुष्पगुच्छ दिला जातो, बाबासाहेबांची प्रतिमा दिली जाते, पुढाऱ्यांची भाषणे होतात, फोटो निघतात. सत्कार जरूर व्हावा. पण सत्कार झालेल्या त्या मुलामुलींपैकी किती जण पुढच्या महिन्यात कॉलेजच्या फी-खिडकीवरून रिकाम्या हाताने परत आले, याची नोंद कोणत्या विहारात ठेवली जाते? आमच्या माहितीत तरी कुठेच नाही. आणि नेमका इथेच समाजाचा खरा घात होतो.

शिष्यवृत्ती ही सरकारची मेहरबानी नव्हे, हे आधी पक्के समजून घेतले पाहिजे. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयपुढे ठेवले. त्यात उच्च शिक्षणासाठी निधीची मागणी होती. त्यातूनच १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज जिला आपण 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणतो, ती हीच. ऐंशी वर्षे झाली. गावकुसाबाहेरची लाखो मुले डॉक्टर, इंजिनिअर, वकील, प्राध्यापक झाली ती या एका कलमी लढ्यामुळे.

मग अडते कुठे? अडते ते कागदावर आणि जून महिन्यात.

आधी कागदाचे पाहू. वकिलीच्या निमित्ताने आमच्याकडे दरवर्षी अशी प्रकरणे येतात. देवळी तालुक्यातील एका शेतमजुराच्या मुलीला सीईटीत चांगले गुण मिळाले, राखीव जागेवर इंजिनिअरिंगला नंबर लागला. पण जात वैधता प्रमाणपत्र नव्हते. अर्ज केला तोच निकालानंतर. मुदत संपली आणि तिची जागा गेली. आजोबांचे नाव गावच्या जुन्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात सापडले, पण ते दिवाळीनंतर! रजिस्टर तर गावातच होते. ते शोधायला दोन वर्षे आधी कोणी गेले नाही, एवढेच.

महाराष्ट्राचा जात पडताळणीचा कायदा २००१ पासून लागू आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाची राखीव जागा हवी असेल तर वैधता प्रमाणपत्र लागतेच. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागितला जातो, कारण राष्ट्रपतींचा आदेश त्या तारखेचा आहे. आपण १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर बौद्ध झालो. त्यामुळे वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' आणि आजोबा-पणजोबांच्या कागदावर 'महार' असे असणे स्वाभाविक आहे. यात घाबरण्यासारखे काही नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात मिळाल्या. मात्र दोन्ही कागदांची साखळी जुळवून दाखवावी लागते. ती शाळेचे जुने रजिस्टर, कोतवाल पंजी, महसुलाचे जुने अभिलेख यांतून जुळते. ही साखळी जुळवायला महिने लागतात. म्हणून हे काम अकरावीत सुरू झाले पाहिजे. बारावीच्या निकालानंतर नव्हे.

त्याही आधी, मुलगा नववी-दहावीत असतानाच त्याच्या नावाची एक फाईल तयार असावी. शाळेच्या रजिस्टरातले नाव, आधारवरचे नाव आणि बँक पासबुकावरचे नाव एकच आहे का, हे पाहावे. एका वेलांटीच्या फरकाने महाडीबीटीवरचा अर्ज अडकतो. शाळेत असताना ती दुरुस्ती होते; शाळा सोडल्यावर त्याच वेलांटीसाठी हेलपाटे घालावे लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून एप्रिल लागला की सेतूवर जाऊन नवा काढावा. जेईई, नीटसारख्या देशपातळीवरील परीक्षांना केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला वेगळा लागतो, तो आधीच काढून ठेवावा. खाते आधारशी जोडलेले असावे, नाही तर मंजूर झालेला पैसाही खात्यात पडत नाही.

आणि आपले हक्क तरी आपल्याला ठाऊक आहेत का? आठवीत एनएमएमएस परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. दहावीत ७५ टक्के किंवा अधिक गुण असतील तर राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्तीतून अकरावी-बारावीला दरमहा ३०० रुपये, दहा महिने मिळतात. त्याला उत्पन्नाची अट नाही. भारत सरकार शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाखांची आहे. पण उत्पन्न त्याहून जास्त असले तरी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला राज्याची फ्रीशिप आहे, हे कित्येक मास्तरांच्या, कारकुनांच्या मुलांना माहीत नसते. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करता येतो. नागपूर, पुण्यासारख्या शहरांसाठी ती रक्कम वर्षाला ६० हजार रुपये ठरलेली आहे. कारंजा-आष्टीच्या मुलाला नागपूरला खोली घेऊन राहायचे असेल तर हा केवढा आधार आहे!

आता जूनचे पाहू. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण पैसा येतो तो प्रवेशानंतर, आणि पुष्कळदा फार उशिरा. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, असे शासनाचे म्हणणे आहे. प्रत्यक्षात काही कॉलेजे 'आधी भरा, मग मिळेल' म्हणतात. तिथे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे तक्रार करावी. तरीही खोलीचे भाडे, खानावळ, पुस्तके, प्रवास, प्रवेश निश्चितीची रक्कम हे लागतेच. जून हा आमच्या शेतमजुराच्या घरात सगळ्यात कोरडा महिना. मग सावकार नाही तर मायक्रोफायनान्सचा हप्ता गळ्यात पडतो.

२०२१ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फीसुद्धा असते आणि ती सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. कर्जात बुडालेल्या घरात तो पैसा दुसऱ्याच भोकात गेला तर पुढे कॉलेज गुणपत्रिका अडवते. घरच्यांना हे आधीच नीट समजावून सांगणे हे आपले काम आहे.

या थोड्या रकमेची किंमत किती असते? २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. १७ हजार ५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १४२ चा अधिकार वापरून ती परत मिळवून दिली. २०२१ साली मुंबई आयआयटीच्या बाबतीतही एका दलित विद्यार्थ्यासाठी न्यायालयाला असेच करावे लागले. न्यायालयाचे अभिनंदन. पण समुद्रपूरचा, हिंगणघाटचा प्रत्येक पोरगा दिल्लीपर्यंत पोहोचणार आहे का? साडेसतरा हजारांसाठी सर्वोच्च न्यायालय लागावे, ही व्यवस्थेला शरम आहे आणि आपल्यालाही विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

कारण साडेसतरा हजार रुपये आपल्या वस्तीत आहेत. शंभर घरांच्या वस्तीत घरटी महिना ५० रुपये निघाले तर वर्षाला ६० हजार होतात. म्हणजे तीन मुलांचा प्रवेश. हे दान नव्हे. परतीच्या बोलीवर द्यावे. शिष्यवृत्ती आली की पैसा निधीत परत, आणि पुढच्या जूनमध्ये पुढच्या मुलीला. मंडळाच्या नावाने बँकेत खाते, दोघांच्या सह्या, प्रत्येक रुपयाची पावती आणि बुद्ध पौर्णिमेला विहारात हिशेबाचे जाहीर वाचन. एवढे केले तर कोणी बोट दाखवू शकणार नाही.

पैसा नाही, असे कृपा करून कोणी म्हणू नये. १४ एप्रिलला डीजेवर, कमानींवर, बॅनरवर किती उधळतो, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते मोजावे. जयंती आणि कॉलेजची फी यांच्यात अवघ्या दोन महिन्यांचे अंतर आहे. ज्यांची जयंती करतो, त्यांचे शिक्षण कसे झाले? केळुसकर गुरुजी तरुण भीमरावांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एक माणूस सोबत गेला, म्हणून ते झाले. आज तहसील, सामाजिक न्याय भवन, पडताळणी समिती आणि कॉलेजच्या खिडकीपर्यंत सोबत जाणारी माणसे हवी आहेत. नोकरीतून निवृत्त झालेले आपले शिक्षक, तलाठी, बँक कर्मचारी गावोगाव आहेत. त्यांना हे कागद तोंडपाठ आहेत.

आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला माणसे जमतात, आणि प्रवेशाचे, शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवसही तेच. वाचन संपल्यावर एक तास टेबल मांडा. नववी ते बारावीच्या प्रत्येक मुलामुलीचे नाव वहीत लिहा. कोणाचा कोणता कागद नाही, कोणाची किती फी अडली, ते नावासमोर लिहा आणि तो कागद, ती रक्कम कोण आणणार, त्याचेही नाव लिहा. पुढच्या वर्षी सत्काराच्या मंचावर पुष्पगुच्छाबरोबर ही वहीसुद्धा वाचून दाखवली जावी, एवढीच आमची मागणी आहे.