एक पीठ, दोन छंद

नागपूरच्या दक्षिणेकडील हुडकेश्वर भागात संक्रांतीच्या सुमारास आकाशात पतंग डोलू लागतात. घरी पतंग करण्यास पातळ कागद, बांबूच्या कामट्या आणि खळ एवढेच साहित्य पुरते. खळ स्वयंपाकघरातच होते. गव्हाचे पीठ पाण्यात कालवून शिजविले, की त्यातील पिष्टकण पाणी पिऊन फुगतात व मिश्रण चिकट होते.

त्याच गव्हाच्या पिठाची नागपूरकडे मटका रोटी करतात. सैल कणीक पुष्कळ वेळ आपटून मळली, म्हणजे तिच्यात प्रथिनांची लवचीक जाळी तयार होते. मग गोळा दोन्ही हातांवर झुलवीत कागदासारखा पातळ करतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर टाकतात.

पहिली रोटी बहुधा फाटते. पहिला पतंगही गिरक्या घेत खाली येतो. म्हणून छंद सोडू नये. फाटल्या पतंगाला खळीने ठिगळ लावावे. फाटकी रोटी आनंदाने खावी. चुलीजवळ मात्र घरातील वडील माणसांना सोबत घ्यावे. हाताला वळण असे चुकतमाकतच लागते, आणि तेच छंदाचे खरे सुख होय.