अर्धशिशीवर विजेचा उतारा

कोयनेचं पाणी पोफळीला उतरतं, तिथे वीज होते आणि महाराष्ट्रभर जाते. त्यामुळे चिपळूण तालुक्याला विजेचं नवल नाही. पण तीच वीज, अगदी चिमूटभर, दंडाला लावली की अर्धशिशी उतरते असं सांगितलं, तर इथला माणूस आधी हसेल. मग विचारेल, 'झटका बसत नाही ना?'

बसत नाही, मुंग्या येतात. 'नेरिव्हिओ' हे यंत्र इस्रायलच्या थेरानिका कंपनीचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला 2019 मध्ये परवानगी दिली आणि 2023 मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजने ते भारतात आणलं. डोकं धरू लागलं की तासाभराच्या आत पट्टा दंडाला बांधायचा, मोबाइलवरून चालू करायचा आणि 45 मिनिटं ठेवायचा. करंट जाणवला पाहिजे, दुखता कामा नये.

डोकं दुखतंय आणि पट्टा दंडाला? गुडघा आपटला की आपण त्याच्या आजूबाजूला चोळतो आणि बरं वाटतं. त्याच्याच जवळपासचा हा प्रकार. दंडातली संवेदना मेंदूच्या बुंध्याशी पोचते, तिथून वेदना दाबणारे संदेश सुटतात आणि ते साऱ्या अंगाची वेदना बोथट करतात. त्यात डोकंही आलं. बेल्जियमचं 'सेफाली' हे यंत्र मात्र थेट कपाळावर, भुवयांच्या वर चिकटवतात. तिथल्या नसा (रक्ताच्या नव्हेत, मज्जातंतू) ज्या मोठ्या नसेच्या फांद्या आहेत, तिच्याच वाटेने अर्धशिशीचा ठणका मेंदूत जातो. करंट जास्तीत जास्त 16 मिलिअँपिअर.

कल्पना जुनीच. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर जिवंत विजेरी मासा कपाळावर ठेवायला सांगे. पाकटाच्या जातकुळीतला हा मासा. त्याचे भाऊबंद आपल्या अरबी समुद्रातही आहेत. आपल्याकडे सुश्रुताने या दुखण्याला 'अर्धावभेदक' म्हटलं. घरोघरी सुंठ उगाळून लेप, उजाडायच्या आत दूध-जिलबी, डोक्याला घट्ट फडकं असे उपाय चालत आले. त्यांच्या तुलनेत नव्या यंत्रांची जमेची बाजू एकच: त्यांची परीक्षा झाली आहे.

परीक्षेचा निकाल तोंडात बोट घालावं असा नाही. सेफालीची चाचणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. 67 रुग्णांनी तीन महिने रोज 20 मिनिटं यंत्र लावलं. खऱ्या यंत्राने अर्धशिशीचे दिवस निम्म्यावर आले असे 38 टक्के. लुटुपुटुच्या, म्हणजे तुलनेपुरत्या दिलेल्या खोट्या यंत्राने 12 टक्के. नेरिव्हिओच्या 252 जणांच्या चाचणीत दोन तासांनी आराम पडला तो 67 टक्क्यांना, आणि लुटुपुटुच्या यंत्रानेही 39 टक्क्यांना! म्हणजे गुण आहे, पण जादू नाही. शिवाय नेरिव्हिओ ठरावीक वेळा वापरलं की संपतं, नवं घ्यावं लागतं. महिन्यात एखाद्या वेळी डोकं दुखणाऱ्याने या खर्चात पडूच नये.

मग ते कुणासाठी? ज्यांना गोळी सोसत नाही किंवा फार होते आहे, त्यांच्यासाठी. बंगळूरच्या निम्हान्सच्या डॉक्टरांनी कर्नाटकात घरोघर केलेल्या पाहणीत चारातल्या एका प्रौढाला वर्षभरात अर्धशिशी झालेली आढळली, बायकांना जास्त. बहुतेकींचा उपाय म्हणजे दुकानातून आणलेली गोळी. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 दिवस किंवा जास्त, मिश्र गोळी 10 दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकं दुखवू लागते. हे दुकानाच्या काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही.

फिजिओथेरपीत कंबरेला 'करंट' देतात ते टेन्सचं मशीन घरी आणून कपाळाला लावण्याचा उद्योग मात्र करू नये. पेसमेकर असलेल्यांनी या यंत्रांपासून लांबच राहावं. आणि अचानक, कधी नव्हे इतकं डोकं फुटू लागलं, सोबत ताप आला, हातपाय लुळे पडले किंवा बोबडी वळली, तर पट्टा शोधत न बसता थेट दवाखाना गाठावा.

बाकीच्यांनी यंत्राची चौकशी करण्याआधी एक करावं. स्वयंपाकघरात दुधाचा हिशेब लिहितो त्याच दिनदर्शिकेवर, डोकं दुखलं त्या दिवशी फुली आणि गोळी घेतली त्या दिवशी टिंब मारावं. तीन महिन्यांची ती पानं डॉक्टरांपुढे ठेवावीत, आणि पट्ट्याचं त्यानंतर विचारावं.