उंदराला जे विचारता येत नाही



उसाचं नवं वाण पाडेगावच्या केंद्रात कितीही जोमदार आलं, तरी आपण ते पहिल्याच वर्षी सगळ्या रानात लावत नाही. कुणीतरी सभासद दहा गुंठे चाचणीला देतो, शेजारी जुन्या वाणाचा पट्टा ठेवतो, तोडणीला दोन्हींचं वजन होतं, आणि मग बाकीचे बेणं मागायला येतात. आज आम्ही घेतलेला विषय उसाचा नाही, पण त्यालाही असाच चाचणीचा पट्टा लागतो. विषय आहे स्तनाच्या कर्करोगाचा. आपल्या देशात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत आज तो सर्वांत पुढे आहे, आणि घरात मोकळेपणानं बोलला जात नाही म्हणून इथे लिहीत आहोत.

रोग झाल्यावर उपचार काय, हा एक प्रश्न. तो होऊच नये म्हणून काय करावं, हा दुसरा. या दुसऱ्याचं उत्तर आजारी बाईकडून पुरतं मिळत नाही. त्याला धडधाकट बाईच लागते.

प्रयोगशाळेत पुष्कळ वर्षं भिस्त उंदरावर राहिली. जॉन बिटनर या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९३६ साली दाखवलं की उंदरांच्या काही जातींत हा रोग आईच्या दुधातून पिल्लांत उतरतो. पुढे तो एका विषाणूचा प्रताप ठरला. शोध मोठाच, पण बाईचं तसं नाही. उलट मुलाला अंगावर पाजल्यानं आईचा धोका थोडा कमीच होतो. उंदरीण जगते दोनेक वर्षं, तिला पाळी येत नाही. आणि बाईच्या बाबतीत तर पाळी कितव्या वर्षी आली, पहिलं मूल कधी झालं, किती महिने पाजलं, पाळी कधी गेली, यावर धोका बराच अवलंबून. हे उंदराला कसं विचारणार?

म्हणून जनावरांवरचे प्रयोग फुकट गेले, असं आम्ही म्हणणार नाही. टॅमॉक्सिफेन या गोळीनं गाठी रोखता येतात हे आधी प्रयोगशाळेतल्या घुशीसारख्या मोठ्या उंदरांतच दिसलं होतं. पण निरोगी बाईला ती द्यावी का, हे बायकांनीच ठरवून दिलं. अमेरिका आणि कॅनडातल्या, धोका जास्त असलेल्या १३,३८८ बायका १९९२ पासून त्या चाचणीत आल्या. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. आपला शेजारचा पट्टा तो हाच. १९९८ साली निकाल लागला. गोळी घेणाऱ्यांत हा कर्करोग जवळजवळ निम्म्यावर आला, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या. नफा-तोटा दोन्ही कळले, ते त्या बायकांमुळे.

कॅलिफोर्नियातल्या शस्त्रक्रियातज्ज्ञ डॉ. सुझन लव्ह यांनी हेच धरून लावलं. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांच्या संस्थेनं एव्हॉन फाउंडेशनच्या मदतीनं 'आर्मी ऑफ विमेन' उभी केली. उद्दिष्ट दहा लाख बायकांच्या नावनोंदणीचं, आणि काम फक्त माणसांवरच्या अभ्यासांचं, जनावरांवरच्या नाही. नाव दिलं म्हणजे लगेच कुणी सुई टोचत नसे. अभ्यास निघाला की कळवायचं, पटलं तर जायचं, नाही तर घरी बसायचं. साडेतीन लाखांहून जास्त नावं आली. डॉ. लव्ह २०२३ साली वारल्या.

तिकडचाच दुसरा अभ्यास आम्हाला अधिक बोलका वाटतो. ज्यांच्या बहिणीला हा रोग झाला पण स्वतःला नाही, अशा पन्नास हजारांवर बायका सरकारी संशोधकांनी २००३ ते २००९ या काळात गोळा केल्या. त्यांनी रक्त दिलं, लघवी दिली, पायाची कापलेली नखं दिली, घरातली धूळसुद्धा दिली! पुढची कित्येक वर्षं त्यांची विचारपूस चालू राहिली. केस कायमचे रंगवणाऱ्या आणि सरळ करून घेणाऱ्या बायकांत धोका काहीसा जास्त दिसतो, हे त्यातूनच २०१९ मध्ये पुढे आलं. रंगामुळेच रोग होतो असं यातून सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवावं.

मात्र या बायका बहुतांश गोऱ्या. त्यांच्या रानातला उतारा आपल्या रानात तसाच पडेल, असं कोण सांगणार?

आपल्याकडचं मोठं काम मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं केलं. १९९८ पासून मुंबईच्या गरीब वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका त्यात होत्या. अर्ध्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासणी करीत. यंत्र नाही, भारी खर्च नाही. बाकीच्या वस्त्यांत रोगाची माहिती एकदा सांगितली आणि पुढे चौकशी ठेवली. २०२१ साली निकाल छापून आला. तपासणीच्या वस्त्यांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र मृत्यू घटल्याचं दिसलं नाही. हे कोणत्याच उंदरानं सांगितलं नसतं.

त्या पाहणीत गर्भाशयमुखाचीही तपासणी होती. ज्यांची तपासणी झाली नाही त्या बायकांना सगळं नीट समजावून संमती घेतली होती का, यावर पुढे बराच वाद झाला. आमच्या मते तो व्हायलाच हवा होता. चाचणीच्या पट्ट्याला कोणी विचारत नाही, बाईला विचारावंच लागतं.

तेव्हा असं कुणी गावात आलं तर कागदावर सही-अंगठा देण्याआधी घरच्या बायकांनी विचारून घ्यावं: मला नेमकं काय करावं लागेल, कोणत्या गटात मी पडले तर मला काय मिळणार नाही, मधेच सोडलं तर माझ्या दवापाण्यावर परिणाम होईल का, गाठ सापडली तर पुढे मला कुठे नेणार आणि खर्च कुणाचा. उत्तर मराठीत आणि समजेल असं मिळालं पाहिजे. सासऱ्यांनी किंवा नवऱ्यानं परस्पर होकार देऊ नये, नकारही देऊ नये.

आणि संशोधन येवो न येवो, तीस वर्षांवरच्या बायकांची स्तनाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. हंगाम सुरू होण्याआधी टोळ्यांतल्या बायकांनाही हे सांगावं. सहा महिने कोपीत राहणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच पाहणीत सहज सापडत नाही.