गावची सभा गेली, बोलायचा हक्क गेला नाही



आपल्या प्रत्येक गटाची एक नियमावली असते. महिन्याची बचत किती, कर्जाला व्याज किती, बैठक चुकवली तर दंड किती, अध्यक्ष-सचिव कधी बदलायच्या. काही वर्षांनी जुना नियम पुरत नाही. मग आपण बैठक बोलावतो, नियम मोठ्याने वाचतो, चर्चा करतो, ठराव लिहितो आणि सगळ्यांच्या सह्या घेतो. असा नियम बदलला म्हणून गट काही मोडत नाही.

गावाच्या कारभाराचीही अशीच नियमावली असते. ती म्हणजे कायदा. आपल्या भागात ही नियमावली एकदम बदलली ती 3 जुलै 2009 ला. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची पन्नासहून अधिक गावं मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावात पंचायत कायदा होता, त्याच्या जागी महापालिका कायदा आला.

यात आपलं काय गेलं? ग्रामसभा गेली. पंचायत कायद्यात गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो. शंभर किंवा पंधरा टक्के मतदार, यातला जो आकडा कमी असेल तेवढे जमले की सभा भरते. महत्त्वाचं म्हणजे नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावीच लागते. पुरुषांसमोर तोंड न उघडणारी बाईसुद्धा तिथे पाण्याचं, गटाराचं, दारूचं बोलू शकते. महापालिकेत अशी महिलांची सभा नाही. तिथे आपल्या वतीने नगरसेवक बोलतात.

नगरसेवकांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, ही मोठी गोष्ट. पण 2020 मध्ये आपल्या पालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं निवडणूक झाली नाही. कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात ना सभा, ना नगरसेविका! मग बायांनी गाऱ्हाणं सांगायचं कुणाला?

गावांनी हा बदल गुपचूप मान्य केला नव्हता. महापालिका नको म्हणून मोठं आंदोलन झालं. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत त्याच प्रश्नावर विवेक पंडित वसईतून निवडून आले. 2011 मध्ये सरकारने 29 गावं वगळायचं ठरवलं, मग प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि वर्षानुवर्षं लटकलं. 2024 मध्ये सरकारने ही गावं महापालिकेतच ठेवण्याचं पाऊल उचललं. आत राहावं की बाहेर पडावं, यावर आपल्यातही दोन मतं आहेत, आणि असू देत. पण ज्या कायद्याखाली आज राहतो, त्यात आपल्यासाठी काय आहे ते तरी वाचायला हवं.

त्यात एक गोष्ट आहे: क्षेत्रसभा. 2009 मध्येच महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात ही दुरुस्ती झाली. काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र आणि त्यातले सगळे मतदार हे सभेचे सभासद. नळ, रस्त्यावरचे दिवे, स्वच्छता, कुठलं काम आधी व्हावं, हे सगळं तिथे मांडता येतं. म्हणजे जवळजवळ ग्रामसभाच. पण बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली.

तर आपण मागू या. काय करायचं?

1. गटाच्या बैठकीत ठराव घ्या: "आमच्या क्षेत्राची क्षेत्रसभा घ्यावी."
2. ठरावाची प्रत आणि सह्यांचा अर्ज प्रभाग समितीच्या कार्यालयात द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्याच. पोच नसली तर अर्ज दिला नाही असंच समजा.
3. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालील बाईला तोही लागत नाही. विचारा: आमच्या क्षेत्राच्या सभा कधी झाल्या? इतिवृत्ताची प्रत द्या. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.
4. प्रभागाची किंवा गावाची हद्द बदलायची असेल तर आधी मसुदा निघतो आणि हरकती-सूचना मागवतात. मुदत थोडीच असते. गटातल्या एका शिकलेल्या मुलीला त्यावर लक्ष ठेवायला सांगा. तोंडी तक्रार धरत नाहीत, लेखीच द्या.

सभा मिळाली तर आणखी एक मागणी करू या: क्षेत्रसभेआधी महिलांची सभा. महापालिका कायद्यात ती आज नाही. पण आपल्या गटाच्या नियमावलीतही सगळं पहिल्या दिवसापासून कुठे होतं? जे कमी होतं ते आपणच बैठकीत बसून लिहून घेतलं.

पुढच्या मासिक बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा. ज्या तायांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकू जाऊ द्या. आणि ठराव झाला की त्याची एक प्रत संघाच्या कार्यालयात आणून द्या. एका गटाचा कागद फायलीत दबतो, पण सगळ्या गटांचे कागद एकत्र गेले तर उत्तर द्यावंच लागेल.