समुद्राकाठी घर घेताय? दातिवऱ्यापासून बोईसरपर्यंत काय खरं, काय ऐकीव

दातिवरे म्हणजे पालघर तालुक्याचं नैऋत्य टोक. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वैतरणेची खाडी आणि खाडीच्या पलीकडे अर्नाळा. मासेमारी आणि वाडी यांवर चालत आलेलं हे गाव. आता इथे, वरच्या अंगाला केळवे-माहीममध्ये आणि बोईसरच्या आसपास मुंबई, वसई-विरारची कुटुंबं जागा बघत फिरतात. कुणाला निवृत्तीनंतर राहायला घर हवं असतं, कुणाला कारखान्यातल्या नोकरीसाठी फ्लॅट, तर कुणाला नुसती गुंतवणूक. या तिघांच्या कानावर तीच चार-पाच वाक्यं पडतात आणि त्यांवर विश्वास ठेवून इसार दिला जातो. ती वाक्यं तपासली पाहिजेत. एकदा पैसे गुंतले की इथली माती आणि इथला कायदा कुणाला सूट देत नाही.

गैरसमज : गावकऱ्यांची घरं किनाऱ्यावर आहेत, मग आपल्यालाही बांधता येईल.

सगळ्यात जास्त पैसा या समजुतीपायी अडकतो. किनारी नियमन क्षेत्राचा, म्हणजे सीआरझेडचा नियम १९९१ पासून लागू आहे. २०११ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१९ मध्ये त्याची नवी अधिसूचना निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर, जिथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा कमी आहे, तिथे भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ‘ना विकास क्षेत्र’ असतं. घनता त्याहून जास्त असेल तर हे अंतर ५० मीटरवर येतं. पण त्यासाठी त्या जिल्ह्याचा किनारी व्यवस्थापन आराखडा नव्या अधिसूचनेप्रमाणे मंजूर झालेला असावा लागतो. आपलं गाव कोणत्या गटात मोडतं हे एजंट ठरवत नाही, मंजूर नकाशा ठरवतो.

मग कोळ्यांची घरं तिथे कशी? त्यांतली बरीचशी १९९१ च्या आधीची आहेत. शिवाय २०११ च्या अधिसूचनेने मच्छीमार आणि परंपरागत किनारी समाजाला १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात स्वतःच्या राहण्यासाठी घर बांधायची मुभा दिली होती. दर्यावर पोट असणाऱ्या माणसाचं घर दर्याजवळच हवं, होडी, जाळी आणि मासळी वाळवायची जागा नजरेसमोर हवी, म्हणून ही सवलत आहे. मुंबईच्या माणसाने आठवड्याच्या सुट्टीसाठी बांधलेल्या बंगल्याला ती लागू होत नाही, आणि तसं असणंच मला योग्य वाटतं.

आणखी एक गोष्ट जागा पाहायला आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. भरतीरेषा म्हणजे आपण गेलो त्या दिवशी पाणी जिथवर आलं ती खूण नव्हे. अधिकृत संस्थांनी मोजून ती नकाशावर आखलेली असते. ती खाड्यांच्या काठानेही आत जाते. दातिवऱ्याला समुद्र आणि खाडी दोन्ही आहेत, म्हणून समुद्रापासून लांब असलेला गटसुद्धा खाडीच्या बाजूने नियमात अडकू शकतो. ज्या गटात जागा घ्यायची त्याचा क्रमांक घेऊन सीआरझेडच्या नकाशावर तो कुठे बसतो ते लेखी मागा.

गैरसमज : ही जागा नुसती पडीक आहे, भराव टाकला की झालं.

खाडीकाठच्या पडीक जागेवर उभं राहा आणि खाली बघा. मातीवर पांढुरकी खारट पापुद्री दिसली, कोपऱ्यात चिखलातून पेन्सिलीसारखी टोकं वर आलेली दिसली, तर ती कांदळवनातल्या तिवराची श्वसनमुळं असतात. ही जागा पडीक नाही. ती खाजण आहे, आणि उधाणाचं पाणी तिथपर्यंत येतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवन तोडायला, तिथे भराव टाकायला आणि त्याभोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकाम करायला मनाई केली आहे. हा आदेश खासगी मालकीच्या जागेलाही लागू आहे. ‘सातबारा माझ्या नावावर आहे’ एवढं म्हणून सुटका होत नाही.

याच पट्ट्यात जुन्या खारजमिनी आहेत. बांध घालून खारं पाणी अडवायचं, आत पावसाच्या पाण्यावर भात घ्यायचा, ही कोकणची फार जुनी पद्धत. महाराष्ट्रात तिच्यासाठी १९७९ चा खारजमीन विकास कायदा आहे. अशी जमीन मार्चमध्ये कोरडी, सपाट आणि स्वस्त दिसते. बांध फुटला किंवा उघाडी, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, बिघडली की पुढच्या उधाणात ती पुन्हा समुद्राची होते. पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात मोठ्या भरत्या साडेचार मीटरच्या वर जातात, आणि किनाऱ्याने उत्तरेकडे, खंबातच्या आखाताकडे जावं तशी भरती-ओहोटीची उंची वाढत जाते. त्यातच मुसळधार पाऊस आला तर गावातलं पाणी बाहेर जायला वाटच उरत नाही. वैतरणेच्या खाडीत वर्षानुवर्षं रेती उपसली गेली आहे, त्यामुळे काठ खचतात ते वेगळंच. सातपाटीच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची हालत आणि त्यामागच्या घरांची भीती जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांतून दर पावसाळ्यात वाचायला मिळते.

जवळच्या घरांची जोती बघा. कोळीवाड्यातल्या जुन्या घराचं जोतं किती वर आहे, विजेचा मीटर किती उंचीवर लावलाय, भिंतीवर ओलीची रेघ कुठवर आहे, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ‘आजी, २००५ च्या जुलैत पाणी कुठवर आलं होतं?’ या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात नसतं.

गैरसमज : सातबाऱ्यावर नाव चढलं की जमीन आपली.

सातबारा हातात घेऊन फक्त वरचं नाव वाचलं जातं. वाचायचं असतं ते बाकीचं. भोगवटादार वर्ग-१ असेल तर जमीन विकायला सहसा आडकाठी नसते. वर्ग-२ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. ‘इतर अधिकार’ या रकान्यात कुळाची नोंद, बँकेचा बोजा, न्यायालयीन दाव्याची नोंद असते. शेतजमीन असेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. आपण शेतकरी आहोत हे आधी सिद्ध करावं लागतं.

पालघर जिल्ह्यात यापेक्षाही मोठी बाब आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला देण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ ने कडक निर्बंध घातले आहेत. वारली, काथोडी, मल्हार कोळी कुटुंबांच्या जमिनी कर्जात आणि दारूत गेल्या, म्हणून हे कायदे करावे लागले. या कलमांना वळसा घालायला कुणा आदिवासी माणसाचं नाव पुढे करून, मुखत्यारपत्रावर किंवा नुसत्या मुद्रांकावर ‘प्लॉट’ दिले जातात. असा व्यवहार टिकत नाही, आणि जमीन परत करण्याचा आदेश निघाला की घेणाऱ्याचे पैसे बुडतात. मुळात दुसऱ्याच्या पोटाची जमीन अशा वाटेने घेऊन तिथे आपलं सुखाचं घर बांधावं, हे मला पटत नाही.

एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले जातात तिथे तुकडेबंदीचा प्रश्न येतो. त्या नियमांत अलीकडे बदल झाले आहेत. ते आपल्या गटाला लागू होतात की नाही हे तहसील कार्यालयाकडून लेखी घ्यावं. ‘प्लॉटला रेरा लागत नाही’ हेही खरं नाही. महाराष्ट्रात मे २०१७ पासून रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायदा, लागू आहे. ५०० चौरस मीटरच्या वरचा भूखंडांचा प्रकल्पसुद्धा नोंदवावा लागतो, आणि नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो.

गैरसमज : विहीर आहे, म्हणजे पाण्याची चिंता नाही.

किनाऱ्यावरच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून एक मीटर वर असेल, तर तिच्याखाली गोड्या पाण्याचा थर साधारण चाळीस मीटर खोल असतो. आता उलटा हिशेब करा. उपशाने ती पातळी एक फूट खाली गेली की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर चढू शकतं. शेजारी दहा बंगले उठले आणि प्रत्येकाने बोअर मारली, तर आपली आणि मागच्या वाडीची विहीर एकाच उन्हाळ्यात मचूळ होते. केळवे-माहीमच्या पानवेली आणि केळीच्या बागा याच गोड्या थरावर उभ्या आहेत. म्हणून पाण्याची चव मेअखेरीस घ्यावी, ऑक्टोबरात नव्हे, आणि नमुना प्रयोगशाळेत द्यावा. नळयोजनेचं पाणी दिवसाआड येतं की आठवड्यातून दोनदा, हे शेजारच्या बाईंना विचारलं तर खरं उत्तर मिळतं.

गैरसमज : विरार समोरच दिसतं, म्हणजे मुंबई जवळ.

दिसतं हे खरं. पण मध्ये खाडी आहे. रस्त्याने यायचं तर महामार्गावरच्या वरई फाट्यावरून सफाळ्याला आणि तिथून एडवणच्या बाजूने किनाऱ्यावर यावं लागतं. २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून जलसारला रो-रो सेवा सुरू झाली आणि साठेक किलोमीटरचा वळसा दीड किलोमीटरच्या पाण्यावर आला. सोय मोठी आहे. मात्र जेट्टी जलसारला आहे, दातिवऱ्यात नाही, आणि पावसाळ्यात फेऱ्यांचं वेळापत्रक आधी विचारावं लागतं. रेल्वेचं स्थानक सफाळे. डहाणूपर्यंत लोकल एप्रिल २०१३ पासून धावते, पण विरारच्या पुढे फेऱ्या मोजक्या असतात. विरार ते डहाणू चौपदरीकरण पूर्ण झालं की चित्र बदलेल. तोवर रोज चर्चगेटला जाणाऱ्याने दातिवऱ्यात घर घेऊ नये, त्याने पालघर किंवा सफाळे स्थानकाजवळ बघावं. रात्री छातीत दुखलं तर कुठल्या रुग्णालयात किती वेळात पोहोचता येईल, हे निवृत्त माणसाने स्वतः रात्रीचा प्रवास करून पाहावं.

गैरसमज : तारापूरला अणुवीज केंद्र, म्हणून बोईसरला घर नको.

भीती चुकीच्या जागी ठेवली आहे. तारापूरचं केंद्र १९६९ पासून चालू आहे. सर्वसामान्य माणसासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची किरणोत्सर्गाची मर्यादा वर्षाला एक मिलिसीव्हर्ट आहे, आणि निसर्गातूनच जगात माणसाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. केंद्राभोवती वस्तीवाढीवर नियंत्रण आहे आणि १६ किलोमीटरच्या परिघासाठी आपत्कालीन आराखडा आहे. तो ग्रामपंचायतीकडून समजून घ्यावा, एवढंच.

बोईसरला खरी चौकशी करायची ती तारापूर औद्योगिक वसाहतीची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले, म्हणजे देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत पहिला क्रमांक. वसाहतीचं सांडपाणी नवापूरकडून समुद्रात सोडलं जातं, आणि मच्छीमार त्याविरुद्ध अनेक वर्षं लढत आहेत. रासायनिक कारखान्यांतले स्फोट आणि आगी बोईसरकरांना नव्या नाहीत. म्हणून फ्लॅट दुपारी पाहून परत जाऊ नका. दिवसा समुद्रावरचा वारा वसाहतीचा वास पूर्वेकडे नेतो, पहाटे जमिनीवरचा वारा त्याच्या उलट वाहतो. रात्री अकराला आणि पहाटे पाचला त्या इमारतीच्या गच्चीवर उभं राहा. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर हे टाळू नकाच.

गैरसमज : वाढवण बंदर आलं की दातिवऱ्याचे भाव दुप्पट.

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. खर्चाचा आकडा ७६ हजार कोटींच्या वर आहे. ते डहाणू तालुक्यात आहे, दातिवऱ्यापासून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरहून लांब. त्याची मालवाहतूक महामार्ग आणि रेल्वेकडे जाणार, सफाळ्याच्या किनाऱ्याकडे नव्हे. बुलेट ट्रेनची जिल्ह्यातली स्थानकं विरार आणि बोईसर. या प्रकल्पांच्या नावावर दातिवऱ्यातली जागा महाग विकली जात असेल, तर तो भाव आजच्या सोयींचा नाही. आणि ज्या बंदराला किनाऱ्यावरचे मच्छीमार कित्येक वर्षं विरोध करत आहेत, त्याच्या जोरावर त्यांच्याच शेजारी राहायला जाताना त्यांचं म्हणणं एकदा ऐकून घ्यावं.

कारखान्यात नोकरी असलेल्याने पालघर शहराच्या बाजूला घर घेऊन बोईसरला जावं-यावं, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. दातिवरे, एडवण, केळवे ही गावं त्यांच्यासाठी आहेत ज्यांना रोजचा प्रवास नाही आणि ज्यांना गावासारखं राहणं मनापासून हवं आहे. तशांनाही माझी विनंती आहे : घेण्याआधी जून ते सप्टेंबर गावात भाड्याने खोली घेऊन राहा, आणि त्या काळात सातबारा, फेरफार आणि सीआरझेडचा नकाशा पालघरच्या एखाद्या वकिलाकडून तपासून घ्या. चार महिन्यांचं भाडं बुडालेल्या इसारापेक्षा फार कमी असतं.